तळटीप : डायक्लोफेनॅक आणि गिधाडे

येथे ज्या 'गुरांच्या सुई'चा ओझरता उल्लेख आला आहे ती डायक्लोफेनॅकची, म्हणजे ताप, सूज व वेदना कमी करणाऱ्या आणि मुळात माणसांसाठी तयार झालेल्या औषधाची होय. 1990 च्या दशकात ते भारतात लंगड्या, आजारी गुरांना सर्रास टोचले जाऊ लागले. सुई दिल्यानंतर लवकरच मेलेल्या जनावराच्या मांसात औषधाचा अंश उरतो आणि ते खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते; मग यूरिक आम्ल शरीराबाहेर पडत नाही, त्याचे खडूच्या भुकटीसारखे पांढरे थर हृदयावर व यकृतावर साचतात आणि पक्षी काही दिवसांत मरतो. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची भारतातील संख्या 1992 ते 2007 या काळात 99 टक्क्यांहून अधिक घटली. हे नुकसान केवळ पक्ष्यांचे मानणे चूक ठरेल, कारण ढोरे टाकण्याच्या जागी कुजणाऱ्या मांसावर भटकी कुत्री पोसली गेली व रेबीजचा धोका वाढला. मुंबईच्या डुंगरवाडीत तर, जेथे पारशी समाज मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करीत असे, सूर्यकिरण एकवटणारे परावर्तक बसवावे लागले. पाकिस्तानातील मृत गिधाडांच्या तपासणीतून 2004 साली कारण उघड झाले आणि 2006 साली भारताने जनावरांसाठीच्या औषधावर बंदी घातली. तरी मेलॉक्सिकॅमसारखे गिधाडांना निर्धोक औषध हाताशी असताना माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत पोहोचतच राहिल्या, आणि त्या 3 मिलिलिटरच्या, एका वेळेपुरत्या कुप्यांवर आणण्यास 2015 साल उजाडावे लागले, हा विलंब कोणत्याही सबबीने समर्थनीय ठरत नाही.