बेघरांसाठीचा निवारा शहराच्या मध्यभागीच का हवा? त्याचा खर्च कोण करणार?

मुंबईत रात्री उशिरा दादर, भायखळा किंवा सीएसएमटी परिसरात पुलाखाली आणि फुटपाथवर झोपलेली माणसं दिसतात. २०११च्या जनगणनेत शहरातल्या बेघरांची संख्या सुमारे ५७ हजार नोंदवली गेली. यांच्यासाठी रात्रनिवारे हवेत, यावर फारसं दुमत नसतं. वाद सुरू होतो तो जागा आणि पैसा यांवरून.

नियम काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे १०० जणांचा एक निवारा उभारायला सांगितलं. तो वर्षभर आणि चोवीस तास खुला हवा, फक्त थंडीपुरता नाही. २०१३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानातही हेच प्रमाण ठेवलं गेलं.

मुंबईची लोकसंख्या २०११मध्ये सुमारे १ कोटी २४ लाख होती. म्हणजे १२४ निवारे आणि १२,४०० जागा. हा नियम शंभर टक्के पाळला, तरी नोंदलेल्या बेघरांपैकी पाव लोकांनाही जागा मिळत नाही. प्रत्यक्षातले निवारे तर या आकड्याच्याही बरेच मागे आहेत.

मग शहराबाहेर स्वस्त जागेत निवारा का बांधत नाहीत?

कारण रोजगार तिथे नाही. हमाली, नाका कामगार, कचरावेचक, केटरिंगमधली कामं पहाटे किंवा रात्री उशिरा असतात. दूर राहिल्यास येण्या-जाण्यातच मजुरी संपते. त्यामुळे लोक पुन्हा फुटपाथवर येतात आणि निवारा रिकामा पडतो. १९८५च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलं होतं, की माणसं कामाजवळ राहता यावं म्हणून फुटपाथवर राहतात. अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही रेल्वे स्टेशन, बस डेपो आणि बाजारांजवळ निवारे असावेत, असं म्हटलं आहे.

विरोध का होतो?

स्थानिक रहिवासी आणि दुकानदारांना अस्वच्छता, व्यसनं आणि सुरक्षिततेची काळजी वाटते. ही काळजी खोटी म्हणून झटकून चालत नाही. पण तीच माणसं आजही त्याच भागात, उघड्यावर झोपतात. निवाऱ्यात शौचालय, पाणी आणि देखरेख असते. प्रश्न निवारा असण्याचा कमी आणि तो नीट चालवण्याचा जास्त आहे.

पैसे कुठे कमी पडतात?

बांधकामाला निधी मिळतो, चालवायला पुरत नाही. अभियानाच्या निकषांत ५० जणांच्या निवाऱ्यासाठी वर्षाला ६ लाख रुपये धरले होते. म्हणजे माणशी दिवसाला सुमारे ३३ रुपये. त्यात काळजीवाहकांचा पगार, वीज, पाणी, सफाई सगळं आलं. हा निधीही पाच वर्षांसाठीच होता. त्यानंतरचा भार पालिकेने कसा उचलायचा, हा प्रश्न उरतोच.

जागेवर तोडगा आहे का?

नवी इमारत हवीच असं नाही. वापरात नसलेल्या सरकारी इमारती दुरुस्त करून निवारा सुरू करायला सूचनांमध्ये परवानगी आहे. महिला, कुटुंबं, वृद्ध आणि आजारी लोकांसाठी वेगळी सोय करायलाही सांगितलं आहे.

निवाऱ्याचा फायदा फक्त झोपण्यापुरता नसतो. त्या पत्त्यावर ओळखपत्र निघू शकतं आणि बँक खाते, रेशन यांची वाट मोकळी होते. म्हणून निवाऱ्याची घोषणा झाली की दोन प्रश्न विचारायला हवेत: तो कामाच्या ठिकाणाजवळ आहे का, आणि सहाव्या वर्षी त्याचं वीजबिल कोण भरणार?