एका अ‍ॅम्प्लिफायरवर अनेक कर्णे

घरातला एक रेडिओ अनेक खोल्यांत ऐकवण्याची सोय जुनी आहे. व्हॉल्व्हच्या अनेक रेडिओंना पाठीमागे जादा स्पीकरसाठी दोन भोके असत. तिथून जोडवायर ओढली की ओटीवरच्या बातम्या माजघरात पोहोचत. मात्र त्या काळी रेडिओच दुर्मीळ होता. 1956 मध्ये आकाशवाणी पुणे केंद्र आणि युनेस्को यांनी पाच जिल्ह्यांतल्या 150 गावांत शेतकऱ्यांसाठी जो प्रयोग केला, त्यात एका संचाभोवती श्रोत्यांचा गटच बसत असे.

आवाज वाटून देण्याची खरी विद्या वाढली ती मंडपात. लोकमान्य टिळकांनी 1893 मध्ये गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, तेव्हा कीर्तनकाराची सारी भिस्त स्वतःच्या गळ्यावर होती. पुढे कर्णा, म्हणजे भोंग्याच्या आकाराचा स्पीकर, मंडपाच्या खांबावर चढला. पनवेलच्या जुन्या वस्तीतल्यासारख्या, घराला घर लागून असलेल्या आळीत एकच कर्णा मोठ्याने लावला तर जवळच्यांचे कान किटतात आणि वळणापलीकडे शब्द कळत नाही. म्हणून थोड्या थोड्या अंतरावर, बेताच्या आवाजाचे अनेक कर्णे लावायचे, हा साउंडवाल्यांचा शहाणपणाचा मार्ग.

पण त्यात विजेची अडचण आहे. 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की अ‍ॅम्प्लिफायरला ते 4 ओहम दिसतात, चार जोडले की 2. रोध घटेल तसा प्रवाह वाढतो, अ‍ॅम्प्लिफायर तापतो आणि शेवटी जळतो. त्यात लांब वायरीतच बरीच शक्ती उष्णता होऊन जाते. यावरचा उपाय म्हणजे 100 व्होल्टची लाइन. 100 वॉट थेट 8 ओहमला द्यायचे तर सुमारे साडेतीन अ‍ॅम्पिअर लागतात; 100 व्होल्टवर तेच काम एका अ‍ॅम्पिअरमध्ये होते आणि त्याच वायरीतला तोटा बाराव्या हिश्श्याच्याही खाली येतो. प्रत्येक कर्ण्यापाशी हा दाब उतरवणारा एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या 10 वॉटच्या टॅपवर वायर लावली की तो कर्णा लाइनीला 1000 ओहमचा दिसतो. मग बेरीज सोपी: सगळ्या कर्ण्यांचे वॉट मिळून अ‍ॅम्प्लिफायरच्या क्षमतेत बसले पाहिजेत. ओहमचा हिशेब करावाच लागत नाही. हाताखाली शिकलेल्या पोरालाही जमेल अशी ही रीत आहे, आणि तेच तिचे मोठेपण.

मंडपाबाहेर घरेही बदलत होती. 1970 मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली, पुढे नवीन पनवेलच्या इमारती उभ्या राहिल्या, 1998 मध्ये मुंबईच्या हार्बर मार्गाची लोकल पनवेलला आली. फ्लॅटमधल्या दिवाणखान्यात स्टिरिओ आणि मग रिसीव्हर बसला. अनेक रिसीव्हरवर ‘ए’ आणि ‘बी’ अशी दोन बटणे असतात: एक जोडी दिवाणखान्यात, दुसरी झोपण्याच्या खोलीत. तिसरी, चौथी खोली जोडायची तर रोध राखणारी सिलेक्टर पेटी मध्ये घालावी लागते. चार स्पीकर दोन-दोनच्या मालिकेत घेऊन त्या दोन मालिका समांतर जोडल्या तरी बेरीज पुन्हा 8 ओहम येते, पण मग प्रत्येक खोलीचा आवाज वेगळा कमी-जास्त करणे अवघड होते.

आता घरांत वायफायचे स्पीकर आले आहेत. प्रत्येकाच्या पोटात स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो, त्यामुळे खोल्याखोल्यांतून केवळ संकेत फिरतो. शाळेच्या वर्गांत आणि रेल्वेच्या फलाटावर मात्र लाइन आणि ट्रान्सफॉर्मरची जोडी आजही उपयोगी पडते.