वालचंद हिराचंद आणि अडवलेली मोटार

मागच्या खेपेला आपण आगबोटींबद्दल बोललो, आज मोटारीबद्दल बोलू. माणूस मात्र बराचसा तोच आहे, वालचंद हिराचंद. जन्म 1882 चा, सोलापूरचा. घराणं गुजराती जैन व्यापाऱ्यांचं, पण वाढ सगळी सोलापुरात झालेली.

आपल्या जिल्ह्याशी त्यांचा संबंध बोरघाटातून येतो. लक्ष्मणराव फाटक हे रेल्वेतले कारकून. त्यांना भागीदार घेऊन वालचंदांनी बार्शी लाइट रेल्वेचं काम घेतलं आणि ठेकेदारीला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धात लष्कराच्या बराकींची कामं मिळाली, पैसा आला. पुढे टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीच्या नावाने बोरघाटातले रेल्वेचे बोगदे त्यांनी केले. तेव्हा हा कुलाबा जिल्हा. कर्जतहून गाडी वर चढते तेव्हा खिडकीतून बघा, त्या डोंगराच्या पोटात हा माणूस काम करून गेलाय.

हे आधी सांगतोय त्याला कारण आहे. वालचंदांची गोष्ट बहुतेक वेळा 'स्वदेशी उद्योजक विरुद्ध परकी सरकार' अशी सांगितली जाते. ती खोटी नाही, पण अर्धी आहे. त्यांचं पहिलं भांडवल सरकारी ठेक्यांतूनच उभं राहिलं. सरकारशी धंदा करणं आणि सरकारशी भांडणं, दोन्ही त्यांना एकाच वेळी जमत होतं.

आता मोटार. त्या काळी आपल्याकडे मोटारी नव्हत्या असं नाही. जनरल मोटर्सने 1928 मध्येच मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता. पण जुळणी म्हणजे काय? परदेशातून पेट्या यायच्या, त्या इथे उघडायच्या आणि भाग एकमेकांना जोडायचे. इंजिनाचं ओतकाम, गिअर कापणं यातलं काही इथे होत नव्हतं. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना हेच खटकत होतं. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेला, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात वर्षानुवर्षं काढलेला हा इंजिनिअर पंचाहत्तरीच्या आसपास युरोप-अमेरिकेतले कारखाने बघून आला आणि मोटार कारखान्याची योजना लिहून काढली. ती अमलात आणायला वालचंद पुढे झाले.

1937 मध्ये मुंबईत बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. भांडवलावर किमान परताव्याची हमी द्यायला ते तयार झालं. ही हमी फार महत्त्वाची होती. कापडाच्या गिरणीत पैसे घालणारा भागधारक मोटारीत सहजासहजी घालत नाही, त्याला कोणीतरी पाठीशी लागतं.

1939 मध्ये वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी काही जमलं नाही, कारण हिंदुस्थानातला फोर्डचा धंदा कॅनडातल्या फोर्ड कंपनीच्या हातात होता. क्रायस्लर मात्र तयार झाली. परतीच्या वाटेवर सॅन फ्रान्सिस्कोहून विमानाने येताना विल्यम पॉली नावाचा अमेरिकन गृहस्थ भेटला. चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवणारा. बोलता बोलता हिंदुस्थानात विमानं बांधायची कल्पना निघाली. माणूस मोटार आणायला गेला आणि येताना विमान घेऊन आला!

इथे घरी काय झालं होतं? युद्ध सुरू झालं, नोव्हेंबर 1939 मध्ये खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि हमीच्या मागचा आधार गेला. दिल्लीचं म्हणणं असं, की मोटार कारखाना युद्धकार्यात बसत नाही. मग अमेरिकन यंत्रांसाठी लागणारं परकी चलन कुठून मिळणार? म्हैसूर संस्थानाकडून मदत मिळवायचा प्रयत्न झाला, तिथेही दिल्ली आडवी आली.

आणि गंमत बघा. त्याच सरकारने विमानांच्या कारखान्याला मान्यता दिली. डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. कारण उघड होतं. लढाऊ विमानांची सरकारला तातडीने गरज होती. हिंदुस्थानी मोटार मात्र लढाई संपल्यावरही चालत राहिली असती, ब्रिटिश कारखान्यांच्या गिऱ्हाइकावर हात टाकत. माझ्या मते खरी अडचण ही होती. अर्थात विमानांचा कारखानाही वालचंदांच्या हातात फार काळ राहिला नाही. 1942 मध्ये सरकारने त्यांचे भाग विकत घेतले.

शेवटी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि 1947 मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, डिसोटो, प्लायमथ, फार्गो. नावं चार, घराणं एकच, क्रायस्लरचं. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स 1942 पासून शर्यतीत होतीच.

पण परवानगी मिळाली म्हणजे मोटार झाली असं नसतं. सुरुवातीला कुर्ल्यातही पेट्याच उघडल्या जात होत्या. सुटे भाग करणारे छोटे कारखाने आसपास असावे लागतात, ते जवळपास नव्हतेच. अमेरिकन गाड्या अवाढव्य आणि पेट्रोल पिणाऱ्या, घेणारे थोडे. म्हणजे विश्वेश्वरय्यांना जी जुळणी खटकली होती, तिथूनच यांनाही सुरुवात करावी लागली. फरक इतकाच, की एकेक भाग इथे बनवत जायचं हा कार्यक्रम होता. 1953 मध्ये टॅरिफ कमिशनने नेमका हाच निकष लावला: जो इथे उत्पादन करेल त्यानेच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. कुर्ल्याने इटलीच्या फियाटशी सोयरीक केली, आणि त्या छोट्या गाडीने कंपनी तगली.

वालचंदांनी हे फारसं पाहिलं नाही. 1949 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, पुढच्या वर्षी ते कामातून निवृत्त झाले, आणि 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातेत सिद्धपूरला वारले. कारखाना भाऊ लालचंद यांनी सांभाळला. फियाट अकराशेचीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. मांडव्याहून, रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरलं की बाहेर जी काळी-पिवळी उभी असायची ना, ती हीच. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 मध्ये नोंदवली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली, आणि ऑक्टोबर 2023 अखेर तीही रस्त्यावरून उतरली.