कर्करोग नोंदणी व विकृतिवैज्ञानिक अहवाल

विशिष्ट प्रदेशातील रहिवाशांत उद्भवणाऱ्या प्रत्येक नव्या कर्करोगाची पद्धतशीर नोंद ठेवण्याच्या कार्यास ‘कर्करोग नोंदणी’ म्हणतात. बहुसंख्य रुग्णांत रोगनिश्चिती ऊतकाच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीने होत असल्यामुळे विकृतिवैज्ञानिकाचा (पॅथॉलॉजिस्टचा) अहवाल हा नोंदणीचा प्रमुख आधार होय. साहजिकच नोंदणीची विश्वसनीयता अहवालाच्या भाषेवर अवलंबून असते.

डेन्मार्कमध्ये १९४२ साली राष्ट्रव्यापी नोंदणी सुरू झाली. भारतात डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत पहिली लोकसंख्याधिष्ठित नोंदणी स्थापिली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८१ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. १९८७ मध्ये बार्शी येथे ग्रामीण नोंदणीही सुरू झाली. नोंदणीचे कर्मचारी रुग्णालये व प्रयोगशाळा यांना भेटी देऊन माहिती उतरवून घेत. एकाच रुग्णाची ऊतक तपासणी एकीकडे व शस्त्रक्रिया दुसरीकडे झाल्यास त्याची दुबार गणना होण्याचा संभव असे. शिवाय ‘कर्करोगाची शक्यता’ यांसारख्या संदिग्ध शब्दांचा अर्थ प्रत्येकजण निराळा लावी.

हे दोष टाळण्यासाठी प्रथम संज्ञा निश्चित करण्यात आल्या. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स या संस्थेने १९६५ मध्ये विकृतिविज्ञानाची सांकेतिक परिभाषा प्रसिद्ध केली. जागतिक आरोग्य संघटनेचे अर्बुदांचे वर्गीकरण १९७६ मध्ये निघाले; त्याची तिसरी आवृत्ती २००० साली प्रसिद्ध झाली. त्यात रोगाचे स्थान व ऊतकप्रकार स्वतंत्र संकेतांनी दर्शवितात. उदा., ८१४०/३ या संकेतातील पहिले चार अंक ग्रंथिल ऊतकाचे अर्बुद दर्शवितात, तर तिरप्या रेघेनंतरचा ३ हा अंक ते मारक व मूळ स्थानीच उद्भवलेले असल्याचे दर्शवितो. त्या जागी ० असल्यास ते साधे अर्बुद ठरते.

संगणकाच्या प्रसारानंतर अहवाल थेट नोंदणी कार्यालयाकडे पाठविणे शक्य झाले. तथापि सलग गद्यातील मजकुरातून संगणकास नेमका अर्थ काढणे अवघड जाते. म्हणून अर्बुदाचा आकार, प्रत, लसीका ग्रंथींतील प्रसार इ. बाबींसाठी ठरलेले रकाने असलेले अहवाल प्रचारात आले. कॅलिफोर्निया राज्यात २०१६ च्या कायद्यान्वये विकृतिवैज्ञानिकांनी असे अहवाल प्रमाणित इलेक्ट्रॉनीय स्वरूपात पाठविणे १ जानेवारी २०१९ पासून बंधनकारक झाले.

या पद्धतीने विलंब व नकलेतील चुका कमी होतात. मात्र ऊतक तपासणी न झालेले रुग्ण तीतून निसटतात आणि रुग्णाचे वास्तव्य, पुढील उपचार व मृत्यू यांची माहिती अन्यत्रून मिळवावी लागते. त्यामुळे रुग्णालयीन नोंदी व मृत्युदाखले यांची जोड आवश्यकच ठरते.