वाल्वासोरचा कार्निओला-ग्रंथ : एक साधनविचार

स्लोव्हेनियाच्या सामाजिक इतिहासाचा अभ्यासक कोठूनही निघाला, तरी अखेर त्यास यानेझ वायकार्ड वाल्वासोर (१६४१–१६९३) याच्या दारी यावेच लागते. हाब्सबुर्ग सत्तेखालील कार्निओला या डचीचे, म्हणजे आजच्या स्लोव्हेनियाच्या मध्यवर्ती भागाचे, वर्णन करणारा त्याचा जर्मन ग्रंथ १६८९ मध्ये न्यूर्नबेर्ग येथे चार खंडांत निघाला. पृष्ठे साडेतीन हजारांहून अधिक, चित्रे पाचशेंवर. एवढ्या विस्तारातील कोणता भाग प्रमाण मानावा, हा खरा प्रश्न आहे.

ग्रंथ कसा सिद्ध झाला हे पाहिले म्हणजे उत्तराची दिशा सापडते. १६८० मध्ये वाल्वासोरने छापील पत्रक काढून प्रांतातील लोकांकडे माहिती मागितली; प्रतिसाद अगदीच तुटपुंजा आला. तेव्हा हा सरदार स्वतःच गावोगाव हिंडला. प्राचीन इतिहासाची प्रकरणे मात्र जुन्या ग्रंथांवर विसंबलेली आहेत, आणि त्यांत न्यूर्नबेर्गच्या एरास्मुस फ्रान्सिस्की याने भाषासंस्कार करता करता स्वतःची पांडित्यपूर्ण भर घातली. ती भर आज कंटाळवाणी वाटते, हे सांगण्यास हरकत नाही.

याउलट लोकजीवनाची प्रकरणे पाहावीत. पोशाख, भाषा, विवाहविधी यांची नोंद तो प्रदेशवार करतो. ब्लोके परिसरातील शेतकरी पुढील टोक वर वळविलेल्या फळ्या पायांस बांधून, काठीवर भार देत, बर्फाच्या उतारावरून सर्पाकार वळणे घेत उतरतात, हे त्याने लिहून ठेवले. मध्य युरोपातील बर्फावरील घसरणीचा हा अत्यंत जुना पुरावा होय. खारीसारख्या ‘पोल्ह’ या निशाचर प्राण्याची शिकार तो सांगतो, आणि त्याच ओघात सैतान या प्राण्यांचे कळप रात्री चारावयास नेतो ही समजूतही. अशा नोंदी भोळसटपणा म्हणून वगळणे चुकीचे ठरेल. त्या काळच्या मनाचा पुरावा म्हणून त्यांचे मोल शिकारीच्या वर्णनाइतकेच आहे.

त्सेर्कनित्सा सरोवराचे प्रकरण या दृष्टीने विशेष बोलके आहे. हे सरोवर भरते आणि आटते; त्यामुळे एकाच जागी मासेमारी, गवताची कापणी आणि शिकार होते. भूमिगत जलाशय व वक्रनलिकेसारखे मार्ग कल्पून वाल्वासोरने याची उपपत्ती मांडली आणि तिच्या बळावर १६८७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यास सदस्य करून घेतले. पुढील भूशास्त्राने ती उपपत्ती टाकून दिली. चुनखडीच्या प्रदेशातील विवरे जेवढे पाणी गिळू शकतात त्याहून अधिक पाणी आत आले की सरोवर भरते, एवढेच त्यामागील कारण. पण पाणी कोठून येते, कोठे नाहीसे होते आणि लोक त्याचा उपयोग कसा करतात, याविषयीची त्याची निरीक्षणे मात्र अभ्यासकांस अद्यापि उपयोगी पडतात.

या उद्योगाची किंमत जबर होती. बोगेन्श्पेर्कच्या गढीत त्याने १६७८ मध्ये स्वखर्चाने चित्रमुद्रणाची कार्यशाळा उभारली होती. ग्रंथ निघाल्यानंतर १६९० मध्ये ग्रंथसंग्रह झाग्रेबच्या बिशपास विकला गेला. १६९२ मध्ये गढीही गेली. पुढच्याच वर्षी क्र्शको गावी तो वारला. ज्यांचे जीवन त्याने लिहिले त्या लोकांच्या स्लोव्हेन भाषेत संपूर्ण ग्रंथ येण्यास २००९ ते २०१३ हा काळ उजाडावा लागला.