पोटातला सांधा

1936 सालचा डिसेंबर. नगरच्या छावणीतल्या साहेबानं अकोल्याच्या डोंगरात बिबट्या मारलाय आणि मीठ चोळून घडी घातलेल्या कातड्याची पेटी देऊन तुम्हाला म्हैसूरला धाडलंय. दौंडला गाडी बदललीत, पुण्याला मीटरगेजच्या डब्यात चढलात. पेटीला वास सुटलाय, शेजारचे प्रवासी कधीच लांब सरकलेत. पेटीत एक चिठ्ठी आहे: नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी, छातीचा घेर, मानेचा घेर. ती हरवू नका. कातडं ओढलं की वाढतं, वाळलं की आटतं. जनावर खरं केवढं होतं, ते त्या चिठ्ठीलाच ठाऊक.

म्हैसूरला व्हॅन इंगेनांचा टॅक्सिडर्मीचा, म्हणजे मेलेली जनावरं जिवंतासारखी उभी करण्याचा, कारखाना कुणालाही विचारा. युजीन व्हॅन इंगेन यांनी 1900च्या सुमारास तो सुरू केला. मुलांना त्यांनी बोअर युद्धातल्या सेनापतींची नावं दिली, बोथा, डी वेट वगैरे, हौस एकेकाची. संस्थानिकांचे आणि साहेबलोकांचे वाघ इथं येतात.

आत गेल्यावर पेंढा शोधू नका. इथं सगळा कारभार कागदाचा. साच्याच्या दोन अर्ध्या भागांत खळ लावलेले कागदाचे थर दाबून बसवतात आणि वाळले की सोडवून घेतात. तुमच्या चिठ्ठीच्या मापाला जुळणारा बिबट्या असा उभा चिरलेला, डावा एकीकडे, उजवा दुसरीकडे, टेबलावर पडलाय. दोन्ही पोकळ. उचलून बघा, हाताला वजनच लागत नाही.

आता खरं काम. डाव्या अर्ध्यात पाठीच्या रेषेत लाकडाची फळी बसते. चारी पायांतून लोखंडी सळया वर येतात, त्यांची टोकं वाकवून फळीला पक्की ठोकायची. पंजाखाली सळईचं आटे पाडलेलं टोक मोकळं ठेवायचं. बिबट्या ज्यावर उभा राहणार त्या लाकडी पाटातून ते खाली गेलं की नट आवळता येतो. हे सगळं आत्ताच, कारण पोट मिटल्यावर आत हात जायचा नाही.

मग करंजी मिटावी तसा उजवा अर्धा वर ठेवतात आणि सुतळीनं आवळतात. मिस्त्री लगेच पुढं जात नाही. चारही पंजे पाटावर टेकतात का, खांदे एका पातळीत आहेत का, हे लांब जाऊन, वाकून, पुन्हा लांब जाऊन बघतो. बोटभर सरकलं तरी बिबट्या लंगडा दिसेल. मग आरीनं दोन्ही कडांना समोरासमोर भोकं पाडून तारेचे टाके घालतो, पक्कडीनं पीळ देतो आणि पिळाचं टोक आत दाबतो, नाहीतर उद्या तेच कातडं फाडेल. टाक्यांवर कागदाच्या पट्ट्या, पण फटीच्या लांबीनं नाही, आडव्या. तरच दोन्ही कडा धरून राहतात. वाळलं की लगदा भरायचा, कानस फिरवायची, वर चपड्याचा हात द्यायचा. कातडं ओलं चढतं, त्याचं पाणी कागदात मुरलं तर सांध्यासकट सगळं मऊ पडेल.

आणि कातडं वाळताना आवळतं. चांगलंच आवळतं. सांधा कच्चा असेल तर पोटाची शिवण तोंड उघडते. लोक वाखाणणी करतात काचेच्या डोळ्यांची आणि विचकलेल्या दातांची. मला विचाराल तर जबडा हा निव्वळ नाटकाचा भाग. कारागीर ओळखायचा तो पोटातल्या सांध्यावरून.

आता पुढं उडी मारा. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर साहेबाची ती पेटी म्हणजे थेट गुन्हा. विसावं शतक सरता सरता म्हैसूरचा कारखानाही बंद झाला. आता संगमनेर-राहुरीच्या उसात बिबट्या मेला तर तो वनखात्याच्या ताब्यात जातो. महाराष्ट्रात हे काम टिकलं ते बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात. तिथं 2009 साली वन्यजीव टॅक्सिडर्मी केंद्र सुरू झालं. मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवणारे डॉ. संतोष गायकवाड यांनी ते उभं केलं. तिथं येणारं जनावर कुणाच्या बंदुकीचं नसतं, मरण पावल्यावर परवानगीनं आलेलं असतं. बाहेरच्या देशांत हल्ली फोमचे तयार सांगाडे मिळतात, तुकड्यातुकड्यांत. चिकटवायला नवनवी रसायनं निघाली, तरी आत सळई किंवा दांडा लागतोच.

कधी कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात गेलात तर वाघाच्या तोंडासमोर गर्दी करू नका. खाली वाका, पोटाची कड बघा. काचेला नाक लावलंत तर पहारेकरी हटकेल, तेवढं सांभाळा.