लघुचित्रांचे दफ्तर

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या दरबारात सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात जी लघु व्यक्तिचित्रे होऊ लागली, ती दिवाणखान्यात टांगून चारचौघांना दाखवण्यासाठी नव्हतीच. वासराच्या तलम चर्मपत्रावर जलरंगांनी रेखाटलेले, पाठीला पत्त्याचे पान चिकटवून ताठ केलेले आणि तळहातावर सहज मावणारे ते मुखमंडल एकाने दुसऱ्या एकाच्याच स्वाधीन करावे, असा तो प्रघात होता. होल्बाइन, त्यामागून निकोलस हिलियर्ड आणि पुढील शतकात सॅम्युअल कूपर यांनी ही कला परमोत्कर्षास नेली. परंतु देणारा आणि घेणारा परस्परांचे निकटवर्ती असल्यामुळे चित्रावर नाव घालण्याची निकड कोणासच भासली नाही. वर्ष आणि वय सुवर्णाक्षरांत लिहिणारा हिलियर्डही नावाविषयी बहुधा मौन पाळी; परिणामी दोन-चार पिढ्या उलटल्यावर चेहरा तेवढा शाबूत राही आणि माणूस बेपत्ता होई.

म्हणूनच या चित्रांच्या संग्रहाचा इतिहास जितका रसिकतेचा, तितकाच दफ्तराचाही आहे. पहिल्या चार्ल्सच्या व्हाइटहॉल येथील संग्रहावर अब्राहम व्हान डेर डोर्ट नावाचा डच गृहस्थ तैनात होता. सुमारे 1639 मध्ये त्याने केलेल्या यादीत चित्र कोणाचे, कोणाकडून आले, लांबीरुंदी किती, इतकेच नव्हे तर चेहऱ्यावर प्रकाश कोणत्या बाजूने पडतो, याचीही नोंद आढळते. राजाच्या विशेष मर्जीतले एक लघुचित्र जागेवर सापडेना, या धास्तीने त्याने 1640 मध्ये आत्मघात केला, असे परंपरा सांगते. 1649 मध्ये राजाचा शिरच्छेद होऊन जामदारखाना विक्रीस निघाला आणि चित्रे पांगली; त्यांचा माग काढू पाहणाऱ्या अभ्यासकांना आजही त्या कारभाऱ्याच्या यादीचाच आधार घ्यावा लागतो.

1700 च्या सुमारास व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएरा हिने चर्मपत्राऐवजी हस्तिदंत योजले, आणि पातळ रंगातून झळकणाऱ्या त्याच्या शुभ्रतेमुळे मानवी त्वचेची कांती विनासायास साधू लागली. मागणी अफाट वाढली. जॉर्ज एंगलहार्ट या एकाच चित्रकाराच्या हिशेबवहीत 1775 ते 1813 या काळातील 4,853 चित्रे जमा आहेत. जॉन स्मार्ट 1785 मध्ये मद्रासेस आला, अर्काटच्या नवाबाची आणि कंपनीच्या अंमलदारांची चित्रे काढीत दहा वर्षे राहिला, आणि त्या मुदतीत त्याने आपल्या आद्याक्षरांखाली व सालाखाली हिंदुस्थानच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर घालण्याचा परिपाठ ठेवला. त्या एका अक्षरामुळे चित्राचे स्थळ निश्चित होते.

1839 मध्ये छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला आणि या धंद्याला उतरती कळा लागली. संग्राहकांची हौस मात्र त्यानंतरच बळावली. अमेरिकन धनाढ्य पियरपाँट मॉर्गन याने आपल्या संग्रहाची चार खंडांची सूची 1906 ते 1908 च्या दरम्यान छापवून घेतली. 1935 मध्ये तो संग्रह लंडनला लिलावात विखुरला, तरी सूचीने त्याचे एकत्रित रूप टिकवले आहे. अलीकडे हत्तींच्या रक्षणार्थ ब्रिटनने 2018 मध्ये कायदा करून हस्तिदंताच्या व्यापारावर निर्बंध घातले, तेव्हा 1918 पूर्वीच्या, 320 चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या लघु व्यक्तिचित्रांना त्यातून सूट मिळाली. अट इतकीच की विक्रीपूर्वी प्रत्येक चित्राची सरकारदरबारी नोंद झाली पाहिजे. एके काळी एखाद्या संग्रहपालाच्या दक्षतेवर सोपवलेले काम आता कायद्याने विक्रेत्यावर बंधनकारक केले आहे.